रविवारची पाच मिनिटं

तात्यांच्या वहीत गाडीच्या पानावर शेवटची बेरीज होती : ८ महिने, ११२ किलोमीटर. त्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "एवढी कमी चाललेली गाडी पीयूसीत नापास होतेच कशी?"

तात्या पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नीरा डाव्या कालव्यावर त्यांची उभी हयात गेली. गेजपट्टीवर पाणी किती, कोणत्या फाट्याला किती वाजता सोडलं, कधी बंद केलं, हे लिहिल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे. निवृत्तीनंतर ती सवय गाडीच्या वहीत उतरली. पेट्रोल किती, हवा कधी, ऑइल कधी, कुठे गेलो, का गेलो, सगळं निळ्या शाईत, एकाखाली एक. मी पंचवीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, पण गाडीचा इतका नीट हिशेब ठेवणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला थातूरमातूर उत्तर देऊन चालणार नव्हतं.

गाडी म्हणजे २००६ साली घेतलेली पांढरी मारुती ८००. घेतली त्या दिवशी आमच्या कन्हेरीच्या मारुतीपुढे नारळ फोडला, तेव्हा मी शेजारी उभा होतो. बाहेरच्या लोकांना हे देऊळ निवडणुकीमुळे माहीत आहे. पवार घराण्यातल्या उमेदवारांच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं इथे फुटत आला आहे. गावाला मात्र तो मारुती नव्या बैलाचा, नव्या ट्रॅक्टरचा, पहिल्या फटफटीचा. गाडी पुण्याला घ्या नाहीतर बारामतीला, पहिलं पाऊल देवळापुढेच.

पुढची काही वर्षं ती गाडी खूप पळाली. पुणे, पंढरपूर, मुलांची शिक्षणं, मुलीचं लग्न. मग मुलं पुण्यात स्थिरावली, तात्यांचे गुडघे गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. आता महिन्याकाठी एक फेरी, तीही तात्यांच्या पत्नीला, आमच्या काकींना, बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेण्यापुरती.

२०२५ च्या जूनमध्ये, तुकोबांची पालखी बारामतीत यायला पंधरा दिवस असताना, तात्या गॅरेजवर आले. मुलगी-जावई पालखीला येणार होते. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण बघायचं, पुढे सणसरच्या मुक्कामापर्यंत जायचं, असा बेत होता. पण पीयूसी संपली होती. दंडाचा आकडा कायद्याने दहा हजारांपर्यंत नेऊन ठेवल्यापासून लोक पीयूसीबद्दल जास्त बोलतात. तात्यांना मात्र दंडाची धास्ती नव्हती. मुदत संपलेला कागद खिशात ठेवून रस्त्यावर उतरायचं, हेच त्यांना पटत नव्हतं.

बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांना पीयूसी वर्षभर चालते. त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी करावी लागते. तात्यांची गाडी जुन्या गटातली. वाईट इतकंच की कमी वापराच्या बहुतेक गाड्या याच जुन्या गटातल्या असतात. ज्यांना कुणी हात लावत नाही, त्यांनाच वारंवार तपासणी.

पालखीच्या आधीचे दिवस म्हणजे गॅरेजवर पाय ठेवायला जागा नसते. दिंड्यांचे टेम्पो, पाण्याचे टँकर, कुणाचा क्लच, कुणाचे ब्रेक. तात्यांची गाडी आधी उघडून बघायला हवी होती. पण घाईत मी ती तशीच बारामतीला पंपाजवळच्या पीयूसी केंद्रावर नेली.

तपासणारा पोरगा कामात चोख होता. यंत्र शून्यावर आणलं, सायलेन्सरमध्ये नळी हातभर आत सरकवली, नंबरप्लेटचा फोटो घेतला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. कार्बन मोनॉक्साइड १.९ टक्के. हायड्रोकार्बन ९४० पीपीएम. या गटातल्या चारचाकीला मुभा आहे ०.५ टक्के आणि ७५० ची. बीएस-४ गाडीला तर ०.३ आणि २०० च. गाडी दोन्हीत नापास.

हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. चुलीचं उदाहरण घ्या. लाकूड पेटलंच नाही, नुसतं धुमसलं, तर जो कच्चा धूर येतो तो म्हणजे हायड्रोकार्बन. पेट्रोल न जळता तसंच बाहेर पडतंय, म्हणजे ठिणगी कुठेतरी चुकतेय. लाकूड पेटलं पण चुलीत ठासून भरल्यामुळे त्याला वारा मिळाला नाही, अर्धवट जळालं, तर कार्बन मोनॉक्साइड. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतंय. पहिला दोष नाकाला आणि डोळ्याला कळतो. दुसरा कळत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही.

आकडा खाली आणायच्या वाटा आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतात. रेस देऊन इंजिन तापवायचं आणि रेस सोडता सोडता रीडिंग उचलायचं. नळी थोडी बाहेर ओढायची, म्हणजे बाहेरची हवा मिसळते. चांगलं यंत्र ऑक्सिजनही दाखवतं. तो नको तेवढा दिसला की समजायचं, नळी बाहेर आहे नाहीतर सायलेन्सरला भोक आहे. या वाटांनी कागद मिळतो, गाडी होती तशीच घरी जाते. तो पोरगा त्यातला नव्हता. मला म्हणाला, "मिस्त्री, गाडी उघडून बघा. नुसतं तापवून हे खाली येणार नाही."

गाडी गॅरेजवर आणली आणि बॉनेट उघडलं.

एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत घर होतं. उसाचं पाचट, पोत्याचे धागे, हरभऱ्याची टरफलं आणि मधोमध मऊ गादी. उंदरांचं काम. मे अखेरीस आमच्याकडे जो पाऊस झाला, तो लोक अजून विसरलेले नाहीत. ऐन उन्हाळ्यात ओढे भरून वाहिले, पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, पाणी शेतांतून, घरांतून फिरलं. तात्यांच्या शेडमध्येही घोट्याएवढं पाणी आलं होतं. बिळं बुडाली की उंदीर उंच आणि कोरडी जागा शोधतात. उभ्या गाडीच्या फिल्टरच्या डब्याइतकी चांगली जागा त्यांना दुसरी कुठे मिळणार? एका वायरचं वरचं आवरणही कुरतडलेलं होतं. तांबं उघडं पडलं नव्हतं, एवढं नशीब.

मग प्लग काढले. तीन सिलिंडर, तीन प्लग. दोन कोरड्या काजळीने काळे. तिसरा ओला, पेट्रोलचा वास मारणारा, म्हणजे तिथे ठिणगी पडतच नव्हती किंवा अधूनमधून पडत होती. दिवस मावळल्यावर गॅरेजचा दिवा मालवून मी गाडी चालू केली. तिसऱ्या प्लगच्या वायरीवर निळसर रेघ थरथरत होती. वायरीला बारीक तडा होता आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच इंजिनच्या अंगावर उडत होती. उजेडात हे दिसत नाही. माझ्याकडच्या पोराला हाक मारून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. ९४० या आकड्यातला मोठा वाटा त्या निळ्या रेघेचा होता.

टाकीतलं पेट्रोल काढून काचेच्या बाटलीत घेतलं. वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा, आंबूस. बाटली रात्रभर फळीवर ठेवली. सकाळी तळाशी बोटभर वेगळा थर बसला होता, वर पिवळसर पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. हे इथेनॉल आपल्यासाठी परकं नाही. सोमेश्वर, माळेगाव अशा आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस शेवटी गाडीच्या टाकीत येतो आणि शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळतं, याचं मला बरं वाटतं. पण त्याचा एक गुण ओळखून राहायला हवं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्याभरात संपतं, तिथे काही बिघडत नाही. अर्धी रिकामी टाकी महिनोन् महिने दमट शेडमध्ये उभी राहिली की वरच्या हवेतला ओलावा त्यात उतरत जातो. पाणी पेलण्यापलीकडे गेलं की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं. पंप तळातलंच आधी ओढतो. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनलेल्या नसतात. तात्यांच्या गाडीची एक नळी बोटाने दाबली तर फुगलेली, भाकरीच्या ओल्या कडेसारखी मऊ लागली. ती बदलली.

सगळ्यात जास्त बोलकं निघालं ते ऑइलचं झाकण. उलटं करून बघितलं तर आतून पांढरट साय चिकटलेली, लोण्यासारखी. पट्टीवरच्या ऑइललाही पेट्रोलचा वास. हे बघितल्यावर माझ्या मनात प्रश्न आला. महिन्याला एक फेरी झाल्याने इतकी साय धरत नाही. ही गाडी वारंवार चालू होत होती आणि तापायच्या आत बंद होत होती.

बाटली आणि झाकण फडक्यात गुंडाळून मी तात्यांच्या घरी गेलो. शेड घराला लागूनच, पत्र्याची. एका अंगाला स्वयंपाकघराची खिडकी उघडते. पावसाची झड आत येते म्हणून पुढच्या बाजूला ताडपत्री सोडलेली. काकींनी चहा टाकला आणि त्या खिडकीतूनच बोलू लागल्या.

"तात्या, गाडी मधूनमधून चालू करता का?"

"करतो की. दर रविवारी पाच मिनिटं. सकाळी उठल्या उठल्या. बॅटरी उतरू नये म्हणून. वहीत खूण असते."

खरंच होती. दर रविवारपुढे छोटी बरोबरची खूण, एकही रविवार न चुकता.

"ह्यांची गाडी चालू झाली की मला कळतं आज रविवार," काकी आतून म्हणाल्या. "आणि रविवारीच माझं डोकं धरतं बघ. दुपारपर्यंत उतरत नाही. शनिवारचा मारुतीचा उपास आता सोसत नाही, दुसरं काय!"

कप हातात तसाच राहिला. मी खिडकीकडे बघितलं, ताडपत्रीकडे बघितलं. गाडीचं तोंड रस्त्याकडे, सायलेन्सर भिंतीकडे, खिडकीपासून चार हातांवर. गरम इंजिनवर १.९ टक्के निघालेला कार्बन मोनॉक्साइड थंड इंजिनवर त्याहून जास्तच असणार. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. थोडा घेतला तर डोकं दुखतं, जास्त घेतला तर माणूस झोपेतच जातो, आणि वास नसल्यामुळे शेवटपर्यंत कळत नाही. मी डॉक्टर नाही. काकींचं डोकं कशाने दुखतं हे सांगायचा मला अधिकार नाही, आणि दवाखान्यात हे सगळं सांगा, असं मी त्यांना लगेच म्हटलं. पण त्या शेडमध्ये गाडी पुन्हा एक मिनिटही चालू करायची नाही, एवढं सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

पीयूसीकडे आपण सरकारचं काम म्हणून बघतो. आरटीओ अडवेल, दंड होईल, पुण्या-मुंबईची हवा सुधारेल. शेडमध्ये बसल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की धूर शहरापर्यंत पोचायच्या आधी घरातल्या माणसाच्या नाकात जातो. स्क्रीनवरचा तो १.९ काकींच्या स्वयंपाकघराचा आकडा होता.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तर गाडीच्या काळजीपोटी करत होतो रे."

मी त्यांच्यापुढे झाकण ठेवलं. पाच मिनिटांत काय होतं ते सांगितलं. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही होते, ती थंड लोखंडावर दव धरावं तशी बसते. इंजिन पुरतं तापलं तर हे सगळं उडून जातं. पाच मिनिटांत तापत नाही, म्हणून आतच साठतं. साय त्याचीच. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटालिटिक कन्व्हर्टर असतो, विषारी वायू निवळणारा. तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. आणि ज्या बॅटरीसाठी हे केलं, तिच्यातून स्टार्टरने जेवढं घेतलं तेवढंही पाच मिनिटांत भरून येत नाही.

तात्यांनी झाकण हातात फिरवलं आणि त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. "कालवा दोन आवर्तनांच्या मधे पडून राहिला की गाळ बसतो, गवत माजतं. तेव्हा वरून थोडं थोडं पाणी सोडलं तर ते मधेच मुरतं, घाण तिथल्या तिथे राहते. पुऱ्या दाबाने सोडायचं आणि टेलला, पार शेवटच्या टोकाला, पोचेपर्यंत बंद करायचं नाही. तुझ्या गाडीचंही तेच. ऊब टेलला पोचायला पाहिजे."

इतक्या कमी शब्दांत हे मला कधी सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तात्यांचंच वाक्य सांगतो.

पुढचे दोन दिवस काम केलं. टाकी धुतली, ताजं पेट्रोल भरलं. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. नवे प्लग, नव्या वायरी, नवा एअर फिल्टर. सायलेन्सरच्या जोडावरचा गंज खरवडून गळती बघितली. आणि मग गाडी घेऊन पालखी मार्गाला लागलो. काटेवाडी, भवानीनगर, सणसरपर्यंत जाऊन परत. रुंद झालेला रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, गाडी सुतासारखी पळत होती. तसाच बारामतीला केंद्रावर गेलो.

हायड्रोकार्बन ३१०. उत्तम. कार्बन मोनॉक्साइड ०.८. पुन्हा नापास.

ठिणगीचं दुखणं बरं झालं होतं, जास्त पेट्रोल पडण्याचं नव्हतं. परत येताना नजर तापमानाच्या काट्यावर गेली. जूनचं ऊन, तीसेक किलोमीटर पळालेली गाडी, आणि काटा तळाशी. इंजिन तापतच नव्हतं. इंजिनचा कॉम्प्युटर सेन्सरवरून पाण्याचं तापमान वाचतो. पाणी कोमट म्हणजे इंजिन थंड, असं समजून तो पेट्रोल वाढवून देत राहतो. त्याच्याकडून तो बरोबरच करतो.

थर्मोस्टॅटचं घर उघडलं. रिकामं. आत असायला हवी ती पितळी झडपच नव्हती. इंजिनचं पाणी साधारण ऐंशी अंशांपर्यंत तापेस्तोवर ही झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते, मग उघडते. ती नसली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि इंजिन थंडच राहतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाड्या तापतात म्हणून ती काढून टाकायची खोड अनेकांना आहे. मला राग आला. कुणा अर्धवट माणसाने हे केलं असेल, असं म्हणत मी तात्यांना फोन लावला. "तात्या, मधल्या काळात गाडी दुसऱ्या कुणाकडे दिली होती का?"

"तुझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही तिला. थांब, वही बघतो."

पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी वाचलं. मे २०१३. पुण्याहून येताना दिवे घाटात गाडी तापली. सासवडला थांबून पाणी घातलं. कन्हेरीला आल्यावर थर्मोस्टॅट अडकलेला निघाला. काढून टाकला. नवा आल्यावर बसवणे.

आणि पुढे माझं नाव.

मला सगळं आठवलं. दुष्काळाचं साल. टँकरच्या मागे टँकर गॅरेजवर उभे होते. तो पार्ट त्या दिवशी बारामतीत मिळाला नव्हता, आणि तात्यांना दुसऱ्या दिवशी कुठेतरी निघायचं होतं. "पार्ट आला की बसवू," असं मी म्हणालो होतो. बारा वर्षं झाली. गाडी रोज पळायची तोवर पाणी कसंबसं तापायचं, आकडा काठावर निघायचा, माझी चूक झाकलेली राहायची. गाडी उभी राहिली आणि ती उघडी पडली. चालती गाडी मिस्त्रीची किती पापं पोटात घालते, हे उभ्या गाडीजवळ कळतं.

फोनवर मी म्हणालो, "तात्या, हे माझं आहे." ते म्हणाले, "लिहिलेलं आहे म्हणून सापडलं. बसव आता." रागाचा एक शब्द नाही. त्यांच्या शांत आवाजाने मला जास्त लागलं, कारण माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी होती.

नवा थर्मोस्टॅट दुसऱ्या दिवशी मिळाला. काही शे रुपयांची वस्तू. बसवला, कूलंट भरलं, मोकळ्या पटांगणात गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवून उभा राहिलो. पोरालाही शेजारी हात ठेवायला सांगितला. नळी थंड. इंजिन चालू आहे, काटा हळूहळू वर सरकतोय, नळी थंडच. "बंद पडलाय की काय?" पोराने विचारलं. मी म्हटलं, हात काढू नकोस. काटा मधोमध आला आणि आमच्या तळव्यांखालून गरम पाण्याचा लोट सरकन निघून गेला. दाऱ्यात पाणी धरताना पहिला लोट पायाला लागतो तसा. पोराने हात झटकला. झडप उघडली होती.

पुन्हा सणसरचा फेरा, पुन्हा केंद्र. कार्बन मोनॉक्साइड ०.१८, हायड्रोकार्बन १४०. तपासणाऱ्या पोराने माझ्याकडे बघून मान हलवली. सहा महिन्यांचा कागद छापून हातात आला. तो मी काकींना नेऊन दिला आणि त्यावरच्या कोणत्या आकड्याचा अर्थ काय ते त्यांना सांगितलं.

हे सगळं इथे लिहायचं कारण, तात्यांसारखी घरं आता गावोगाव आहेत. मुलं शहरात, म्हातारी माणसं गावात, आणि शेडमध्ये एक गाडी, अडीअडचणीला असावी म्हणून. तिची काळजी सगळे घेतात, पण कव्हर घालून, पुसून आणि पाच मिनिटं चालू करून. माझं सांगणं एवढंच. चालू करायची तर बाहेर काढा आणि वीस-पंचवीस किलोमीटर न थांबता चालवा, नाहीतर चालूच करू नका. बॅटरीची चिंता असेल तर छोटा चार्जर लावा किंवा टर्मिनल सोडवून ठेवा. टाकी अर्धी ठेवू नका. भरलेली ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत वापरून संपवा. एअर फिल्टरचा डबा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर उघडून बघा. ऑइल किलोमीटरवर न मोजता वर्षावर मोजा, गाडी शंभर किलोमीटर चाललेली असली तरी. पीयूसीला जाण्याच्या दिवशी घरून थेट केंद्रावर जाऊ नका, आधी गाडीला तिचा पूर्ण फेरा घडवा. हे आकडा फसवणं नाही, इंजिन आणि कन्व्हर्टर कामाच्या स्थितीत आणूनच तपासणी व्हायला हवी. त्यानंतरही नापास झाली तर आकडा खाली आणायला सांगू नका. कोणता आकडा चढलाय ते विचारा, आणि मिस्त्रीला तिथून शोध घ्यायला लावा. बंद जागेत गाडी कधीही चालू ठेवू नका. चांगली गाडीही थंड असताना तोच वायू सोडते.

तात्यांच्या मुलीने पालखी बघितली. धोतरांच्या पायघड्यांवरून पालखी काटेवाडीत आली, मेंढ्यांचं रिंगण झालं, आणि ती पांढरी मारुती सणसरला जाऊन आली. आता दर दुसऱ्या रविवारी तात्या आणि काकी सकाळी गाडी काढतात. तात्यांच्या गुडघ्यांना फार झेपत नाही, म्हणून कधी मी चालवतो, कधी गॅरेजचा पोरगा. काकी पुढे बसतात. शेडची ताडपत्री काढून तिथे जाळी लावली आहे. महिन्याभराने मी काकींना डोक्याचं विचारलं. "उपास अजून चालू आहे," त्या म्हणाल्या, "पण डोकं धरत नाही."

गॅरेजमध्ये आता एक जाड वही आहे. गाडीतून काही काढलं आणि त्या दिवशी परत बसवलं नाही, तर त्यात लिहायचं : गाडीचा नंबर, काय काढलं, का काढलं, कधी बसवायचं. बसवलं की पुढे बरोबरची खूण. दर शनिवारी संध्याकाळी, गॅरेज बंद करून मारुतीला जायच्या आधी, पोरगा ती वही मोठ्याने वाचतो आणि मी ऐकतो. पहिल्या पानावर पहिली ओळ मी माझ्या हाताने लिहिली आहे : मारुती ८००, थर्मोस्टॅट, काढला मे २०१३, बसवला जून २०२५.